लिहिलेलं राहावं म्हणून

डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाचं काम चोख झालं की ते कुणालाच दिसत नाही. शनिवारी मध्यरात्र उलटली, वर्दळ ओसरली, की आमची ‘ऍक्टिव्हिटी’ सुरू होते. कुठे पॅच लावायचा असतो, कुठे जुना सर्व्हर मागे घेऊन नवा पुढे आणायचा असतो. कॉलवर पुण्याचा एक आवाज, हैदराबादचा एक, समुद्रापलीकडचा एक. पुष्कळ वेळ कुणीच बोलत नाही. कीबोर्डची टिकटिक आणि कुणाच्या तरी घरातल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. मग नवा सर्व्हर जुन्याच्या बरोबरीला आला की कुणीतरी हलकेच म्हणतं, “लॅग शून्य. स्विच करू या.” सोमवारी सकाळी एखादे निवृत्त शिक्षक बँकेत पासबुक भरून घेतात, कुणी मोबाइलवर सातबारा काढतं, कुणाला मुलीच्या प्रवेशाची यादी दिसते. मधल्या रात्री त्या सगळ्या नोंदी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेल्या, हे त्यांना कळत नाही. ते कळू नये यासाठीच आम्ही जागलेलो असतो.

मी या कामात बरीच वर्षं आहे. माझं मन यंत्रांत रमलंच, पण त्याहून अधिक रमलं ते हे ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसं आलं, या गोष्टीत. ज्याला जे कळलं ते त्याने लिहिलं, ज्याचं जे बिघडलं तेही त्याने सांगितलं, आणि पुढचा माणूस त्यावर उभा राहिला. माझ्या मते आमच्या व्यवसायाची खरी पुंजी हीच आहे.

आमचं वचन साधं असतं. पडद्यावर ‘पैसे जमा झाले’ असं एकदा उमटलं की पुढच्या क्षणी वीज जावो, यंत्र कोसळो, ते पैसे जमाच राहिले पाहिजेत. हे वचन पाळायची रीत मी पुस्तकाआधी कराडच्या बाजारात पाहिली होती. आमच्या घराशेजारी गुळाची आडत होती. तिथले दिवाणजी प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपायचे, जसा घडला तसा, त्याच क्रमाने. मग दुपारची गर्दी सरली की सवडीने ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतावणीत चढवायचे. खतावणीचं एखादं पान भिजलं, फाटलं तरी त्यांचा जीव घाबरा होत नसे. रोजकीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा लिहिता येते. डेटाबेस हेच करतो. बदल आधी लॉगमध्ये क्रमाने लिहितो, ते लिखाण डिस्कवर पक्कं पोचलं की मगच ‘झालं’ म्हणतो, आणि मूळ पानांवर सवडीने चढवतो.

या रीतीला काटेकोर रूप दिलं ते १९९२च्या ‘एरीज’ नावाच्या शोधनिबंधाने. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले सी. मोहन आणि आयबीएममधले त्यांचे सहकारी यांनी तो लिहिला. यंत्र कोसळून पुन्हा उठलं की काय करायचं, याचं त्यांचं उत्तर मला आजही थक्क करतं. आधी लॉगमधला इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडवायचा. पुरे झालेले व्यवहार घ्यायचे आणि अर्धवट राहिलेलेही घ्यायचे. यंत्र ज्या क्षणी पडलं त्या क्षणाशी येऊन उभं राहायचं. मग अर्धवटांना एकेक करून मागे घ्यायचं, आणि मागे घेताना प्रत्येक पाऊल पुन्हा लॉगमध्ये लिहायचं, कारण सावरता सावरता यंत्र परत पडू शकतं. निबंध लांबलचक आहे, वाचायला कठीण आहे. पण तो छापला गेला, ज्याला हवा त्याला मिळाला, आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हरसुद्धा, म्हणजे आयबीएमच्या प्रतिस्पर्ध्याचा डेटाबेस, त्याच पद्धतीने सावरतो.

माझ्या पहिल्या नोकरीत एक ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, हळू चालते आहे अशी तक्रार घेऊन गेलं की ते उत्तर द्यायचे नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि म्हणायचे, “प्लॅन मोठ्याने वाच.” डेटाबेस क्वेरी कोणत्या वाटेने सोडवणार आहे, कोणता तक्ता आधी वाचणार, कोणता इंडेक्स, म्हणजे सूची, वापरणार, कुठे किती ओळी मिळतील असं त्याला वाटतं, हे सगळं त्या प्लॅनमध्ये असतं. मनात वाचलं तर सगळं कळल्यासारखं वाटतं. मोठ्याने वाचायला लागलं की नेमकं काय कळलेलं नाही ते जिथल्या तिथे उघडं पडतं.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांत अंतर का पडतं, हे त्यांनी मला माझ्याच गावाच्या नावाने शिकवलं. समजा, महाराष्ट्रातल्या एक कोटी माणसांचा तक्ता आहे आणि आपण म्हणालो, ‘जिल्हा सातारा आणि तालुका कराड असलेल्या ओळी दे.’ ऑप्टिमायझरला, म्हणजे डेटाबेसच्या वाट निवडणाऱ्या भागाला, आधीच सगळ्या ओळी मोजत बसता येत नाही, तो अंदाज करतो. जिल्हे ३६, तालुके ३५८. सगळीकडे सारखी माणसं आहेत असं धरलं, तर साताऱ्याचा वाटा छत्तिसावा आणि कराडचा तीनशे अठ्ठावन्नावा. या दोन अटींचा एकमेकींशी संबंध नाही असं गृहीत धरून तो हे वाटे गुणतो आणि म्हणतो, सुमारे ७७५ ओळी येतील. पण कराड तालुक्यातला प्रत्येक माणूस सातारा जिल्ह्यातलाच असतो! खऱ्या ओळी निघतात २८ हजारांच्या घरात. ७७५ ओळींसाठी जी वाट स्वस्त, त्याच वाटेने २८ हजार ओळी आणायला रात्र पुरत नाही. “त्याला भूगोल येत नाही,” सर म्हणाले, “तो तुला यायला हवा.”

यंत्राने प्रत्येक वाटेचा खर्च मांडावा आणि सर्वांत स्वस्त वाट निवडावी, ही पद्धत १९७९मध्ये पॅट सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. जिथे काहीच माहिती नसेल तिथे दहातली एक ओळ अटीत बसेल असं धरून चाला, असा साधा आकडाही त्यांनी देऊन ठेवला होता. दोन अटी गुणायच्या हेही त्यांच्याच निबंधात आहे, आणि ते करताना आपण काय गृहीत धरतो आहोत हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. पुढे २०१७मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दहाव्या आवृत्तीत ‘हे दोन रकाने एकमेकांशी बांधलेले आहेत’ असं डेटाबेसला सांगायची सोय झाली. म्हणजे १९७९मध्ये प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या एका गृहीतकावर माणसं अडतीस वर्षांनंतरही काम करत होती. सेलिंजरबाईंनी ते झाकून ठेवलं असतं, तर आमच्या पिढीला ते अंधारात चाचपडत शोधावं लागलं असतं.

सेलिंजरबाई ज्या प्रयोगशाळेत होत्या, ती आयबीएमची, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची. एडगर कॉड तिथलेच. गणिताचा माणूस, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक. जून १९७०मध्ये त्यांचा अकरा पानांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि आजचं आमचं सगळं काम त्या अकरा पानांतून निघालं. तोवर प्रोग्रॅमरला माहिती यंत्रात कुठे, कशी ठेवली आहे ते ठाऊक असावं लागे. एका नोंदीकडून दुसऱ्या नोंदीकडे वाट काढत जायचं, हेच त्याचं कसब. चार्ल्स बाकमन यांनी १९७३च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात प्रोग्रॅमरला मोठ्या अभिमानाने नौकेची वाट ठरवणारा नाविक म्हटलं होतं. कॉड यांचं म्हणणं वेगळं होतं. माहिती साध्या तक्त्यांत मांडा, माणसाने काय हवं ते सांगावं आणि कसं आणायचं ते यंत्राने बघावं. १९७४मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरला या दोन पक्षांचा जाहीर वाद झाला. तो मला फार आवडतो, कारण दोघांनीही आपापली बाजू सगळ्यांसमोर मांडली आणि ऐकणाऱ्यांना स्वतः ठरवू दिलं.

त्याच वर्षी, त्याच गावी, डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस या दोन तरुणांनी आज आपण जिला एसक्यूएल म्हणतो त्या भाषेचं पहिलं रूप मांडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत बॉइस मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकाराने अचानक गेले. वय तिशीच्या आत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं तक्ते नीट मांडायच्या ‘बीसीएनएफ’ नावाच्या नियमाची व्याख्या घोकतात. त्यातला बी म्हणजे बॉइस आणि सी म्हणजे कॉड. शिकवताना मी हे आवर्जून सांगते. व्याख्येमागे एक माणूस आहे, त्याला फार थोडे दिवस मिळाले, आणि त्या थोड्या दिवसांत त्याने जे दिलं त्यावर आपण पगार घेतो, हे मुलांना कळायला हवं.

कॉड यांची कल्पना यंत्रावर उतरवणारा सॅन होजेचा प्रकल्प, ‘सिस्टिम आर’, आयबीएमने गुप्त ठेवला नाही. निबंध छापून येत गेले. ते बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांच्या ‘इंग्रेस’च्या गटानेही वाचले, आणि पुढे ओरॅकल झालेल्या एका छोट्या कंपनीनेही वाचले. त्या कंपनीने आयबीएमच्या आधीच, १९७९मध्ये, आपला डेटाबेस बाजारात आणला. व्यापाराच्या हिशेबात आयबीएमचं यात नुकसान झालं असेल. जगाचं मात्र भलं झालं. इंग्रेसनंतर स्टोनब्रेकर यांनी १९८६मध्ये पोस्टग्रेस सुरू केलं. ते पुढे विद्यापीठाबाहेर पडून स्वयंसेवकांच्या हाती आलं आणि आज पुण्यातली एखादी दोन खोल्यांची कंपनीही कुणाला एक रुपया न देता ते वापरू शकते.

१९९५मध्ये सिस्टिम आरची जुनी मंडळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असिलोमार इथे जमली. त्यांनी दिवसभर आठवणी सांगितल्या. काय जमलं, कुठे रुसवेफुगवे झाले, कोणता निर्णय कुणाच्या हट्टाने झाला, सगळं. ते लिहून काढून लोकांसाठी ठेवलं गेलं. मी ते नव्या मुलांना पाठ्यपुस्तकाइतक्याच आग्रहाने वाचायला देते.

या मंडळींत जिम ग्रे होते. त्यांच्याविषयी लिहिताना मला थांबून थांबून लिहावं लागतं. बर्कलेतून संगणकशास्त्रात पहिली डॉक्टरेट मिळवणारे ते. व्यवहार म्हणजे ट्रान्झॅक्शन: एक तर पुरता झाला, नाहीतर मुळीच झाला नाही, अधलंमधलं काही नाही. या कल्पनेला त्यांनी इतकं पक्कं केलं की १९९८चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. आपण एटीएममधून पैसे काढताना मध्येच यंत्र बंद पडलं तरी खात्याचा हिशेब बिघडत नाही, त्यामागे त्यांचं काम आहे. पुढे ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे १९९८मध्ये त्यांनी ‘टेरासर्व्हर’ उभा केला. विमानांतून आणि उपग्रहांतून टिपलेली पृथ्वीची चित्रं कुणालाही घरबसल्या पाहता येतील अशी ठेवली. मग खगोलशास्त्रज्ञांबरोबर बसून आकाशाच्या सर्वेक्षणाची माहितीही तशीच सर्वांना खुली करून दिली.

२८ जानेवारी २००७ला ग्रे आपली शिडाची होडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच निघाले. फॅरॅलॉन बेटांपाशी समुद्रात आईच्या अस्थी विसर्जित करायच्या होत्या. ते परतले नाहीत. तटरक्षक दलाने शोधलं, हाती काही लागलं नाही. मग त्यांचे मित्र, विद्यार्थी, वेगवेगळ्या आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांतले अभियंते एकत्र आले. उपग्रहांची चित्रं मिळवली गेली, त्यांचे लहान लहान तुकडे केले गेले आणि हजारो स्वयंसेवकांनी ते आपापल्या पडद्यावर डोळ्यांत तेल घालून पाहिले. निळ्याकरड्या पाण्यावर एखादा पांढरा ठिपका, होडीएवढा, दिसतो का. ज्या माणसाने पृथ्वीची चित्रं सगळ्यांसाठी खुली केली, त्याला त्याची माणसं त्याच मार्गाने शोधत होती.

ना होडी सापडली, ना ग्रे. २००८च्या मे महिन्यात बर्कलेला सगळे त्यांच्यासाठी जमले. एकामागून एक माणसं उठत होती आणि ग्रे यांनी आपल्याला कसं घडवलं, आपला कच्चा मसुदा कसा वाचला, कुणाशी गाठ घालून दिली, ते सांगत होती. नोंद हरवू नये यासाठी आयुष्य घालवलेला माणूस स्वतः नोंदीविना गेला. हे दुःख आमच्या व्यवसायातल्या माणसांच्या मनातून अजून गेलेलं नाही.

ज्ञानाचं हे दळणवळण आपल्याकडेही होतं. सप्टेंबर १९९६मध्ये या क्षेत्रातली मोठी जागतिक परिषद, व्हीएलडीबी, मुंबईत भरली होती. जगभर शिकवल्या जाणाऱ्या डेटाबेसच्या एका पाठ्यपुस्तकाचे एक लेखक, एस. सुदर्शन, पवईच्या आयआयटीत शिकवत आले. फेब्रुवारी २००८मध्ये पोस्टग्रेसची ८.३ आवृत्ती आली, तिच्यातल्या एका सुधारणेपुढे एका भारतीय अभियंत्याचं नाव आहे. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी पुसत नाही, शेजारी नवी लिहितं. जुनी कुणाला लागेनाशी झाली की साफ करतं. त्यामुळे खात्यातली नुसती शिल्लक बदलली, खातेक्रमांक तोच राहिला, तरी प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद घालावी लागे. या सुधारणेमुळे नवी ओळ त्याच पानावर बसत असेल तर इंडेक्सला हात लावावा लागत नाही, जुनी ओळच नवीकडे बोट दाखवते. रोज कोट्यवधी वेळा होणारं काम त्यामुळे वाचलं. अधिकृत नोंदीत त्या अभियंत्याच्या नावाबरोबर एवढंही म्हटलं आहे की या कामात इतर अनेकांच्या कल्पना आहेत. मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं. इतक्या मोठ्या कामाचं श्रेय देतानाही वाटेकऱ्यांची आठवण ठेवलेली आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका दमलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. एक-दोन सेकंदांत ते त्याच्या लक्षात आलं, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरला होता. बॅकअप बघायला गेले, तर रोजचा बॅकअप कधीपासून निघतच नव्हता. बॅकअप काढणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून रोज अपयशी होत होता, आणि अपयश कळवणारे ईमेल समोरून नाकारले जात होते. वाचवलं ते त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या एका प्रतीने. सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

त्यानंतर त्या कंपनीने जे केलं त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. सावरण्याचं काम चालू असताना त्यांनी ते जगाला थेट दाखवलं. काय काय बिघडलं होतं ते एकेक करून लिहिलं. अभियंत्याचं नाव अहवालात घातलं नाही. कारणं शोधली ती व्यवस्थेत शोधली. तो अहवाल वाचून त्या आठवड्यात कितीतरी ठिकाणी माणसं आपापले बॅकअप उघडून बघायला बसली. आम्हीही बसलो.

माझ्या पाहण्यातल्या एका मोठ्या कार्यालयात याच्या अगदी उलट झालं. डेटाबेस अर्धा दिवस बंद होता. अहवालात मूळ कारण म्हणून लिहिलं होतं, ‘मानवी चूक’. ज्या मुलाच्या हातून ते झालं त्याला दुसऱ्या कामावर पाठवलं आणि अहवाल कुलपात गेला. मानवी चूक हे कारण नव्हेच. रात्री दोन वाजता दोन्ही सर्व्हरच्या खिडक्या सारख्याच का दिसत होत्या, दुसरा माणूस सोबत का नव्हता, शेवटचं रिस्टोअर कुणी आणि कधी करून पाहिलं होतं, ही कारणं. ती लिहिली नाहीत म्हणून शेजारच्याच विभागात पुढे पुन्हा तेच झालं. गप्प राहून कुणाची अब्रू वाचत नाही. फक्त पुढच्या माणसाच्या हातातला दिवा काढून घेतला जातो.

पुण्यात शनिवारी सकाळी कुठल्या तरी कंपनीच्या सभागृहात आम्ही डेटाबेसवाले अधूनमधून जमतो. पाटीवर तज्ज्ञांची नावं असतात, पण खरं शिकणं चहाच्या वेळी होतं. नागपूरहून आलेली एखादी मुलगी घाबरत घाबरत सांगते की त्यांच्याकडे डेडलॉक झाले, म्हणजे व्यवहार एकमेकांसाठी अडून बसले, का ते कळेना. पाच-सहा डोकी तिच्या लॅपटॉपवर झुकतात. त्यातली दोन एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांतली असतात. त्या क्षणी ते कुणाच्या ध्यानातही नसतं.

त्या मुलीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना मला एवढंच सांगायचं आहे. या आठवड्यात तुमच्या सर्वांत महत्त्वाच्या डेटाबेसचा कालचा बॅकअप काढा आणि रिकाम्या सर्व्हरवर तो उभा करून पाहा. टीममधल्या सर्वांत नव्या माणसाला शेजारी बसवा, आज्ञा त्याला देऊ द्या, प्लॅन असो वा लॉग, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जे होईल ते, चांगलं झालं तरी आणि फसलं तरी, तारखेनिशी लिहून काढा आणि आपल्या कार्यालयाबाहेरच्या माणसांनाही वाचायला द्या.